सिद्रामप्पांच्या जीपची थरथर

गॅरेजात येणारा माणूस आधी गाडीचं दुखणं सांगत नाही, आधी स्वतःची बाजू मांडतो. ‘मी काही केलं नाही, आपोआप झालं’ इथून सुरुवात. मग ‘काल तर झकास चालत होती.’ मग ड्रायव्हरच्या नावानं शिमगा. एवढं सगळं ऐकून घेतल्यावर कधीतरी गाडीचा विषय निघतो. सोलापुरात भवानी पेठेत माझं गॅरेज होतं तेवढी सगळी वर्षं मी हे ऐकत आलो, आणि खरं सांगायचं तर मला त्यातच मजा यायची.

एक किराणा दुकानदार होते. ते गाडीतला आवाज सांगायचे नाहीत, काढून दाखवायचे. भर रस्त्यात उभं राहून, गाल फुगवून ‘घुर्र-टक, घुर्र-टक’ सुरू. जाणारी-येणारी माणसं थांबून बघायची. पण गृहस्थांचा गळा असा तयार की मी बॉनेट न उघडता सांगायचो, पाण्याच्या पंपाचं बेअरिंग गेलंय. आणि ते गेलेलंच असायचं. त्यांचं कौतुक मी तेव्हा केलं नाही, ते आता करून टाकतो.

तर आवाजाचं असं सोपं असतं. आवाजाला जागा असते, कान लावत गेलं की सापडतो. थरथरीचं तसं नाही. ती जन्मते एकीकडं आणि दिसते भलतीकडं. स्टेअरिंग हलतं म्हणून तुम्ही स्टेअरिंग खोलून बसता आणि ती बया मागच्या चाकाजवळ मजेत बसलेली असते. चांगले चांगले मिस्त्री थरथरीची गाडी आली की ‘आज गर्दी आहे’ म्हणून वाटेला लावायचे. मला मात्र अशी गाडी आली की जेवण सुचायचं नाही. आज लिहितानासुद्धा तळहाताला मुंग्या येतायत!

दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती तेव्हाची गोष्ट. ज्याला त्याला विहीर पाडून हवी होती, असलेली खोल करून हवी होती. सिद्रामप्पा विहिरींचे ठेकेदार. धिप्पाड माणूस, कपाळावर भस्माचे पट्टे, पांढरं धोतर, आणि आवाज विहिरीच्या तळापर्यंत पोचेल असा. लष्कराच्या लिलावातून घेतलेली एक जीप त्यांच्याकडं होती. त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती आणि त्याची त्यांना ऐटच होती. ‘आपल्याला बसता येतंय, बास की,’ म्हणायचे.

चालवायचे महिबूबचाचा. जीप आली त्या दिवसापासून तेच. आधी मालट्रकवर होते, कमरेनं दगा दिल्यावर जीपवर आले. कापलेली पांढरी दाढी, डोक्याला रुमाल. हा माणूस मालकाशी फार बोलायचा नाही. जीपशी बोलायचा. चढ आला की ‘चल बेटी, थोडाच है,’ असं काहीतरी पुटपुटायचा.

अप्पांची कामं बहुतेक मंगळवेढ्याच्या पलीकडं. तिकडची काळी जमीन ज्वारीला भाग्याची, पण चाकांना वैरी. पावसाळ्यात बैलगाड्या जाऊन जाऊन गुडघाभर चाकोऱ्या पडतात आणि ऊन पडलं की त्या तशाच दगडासारख्या वाळतात. चाकं चाकोरीत उतरली की जीपचं पोट मधल्या उंचवट्यावर टेकायचं आणि चाकं जागच्या जागी फिरत राहायची. मजुरांनी ढकलायची, अप्पांनी ओरडायचं. या रोजच्या तमाशाला कंटाळून अप्पांनी जीप उंच करून घेतली.

उंच करणं म्हणजे काय ते सांगतो. जीपचा सांगाडा पोलादी पट्ट्यांच्या चळतींवर बसलेला असतो. त्या पट्ट्या म्हणजे पाटे. पाट्याचं पुढचं टोक सांगाड्याला पक्कं आणि मागचं टोक दोन लहान पट्ट्यांवर झुलतं, त्याला शॅकल म्हणतात. एका पाटेवाल्यानं अप्पांच्या जीपला जादा पाटे घातले, जुन्यांना जास्त कमान दिली आणि शॅकल लांब केले. जीप चांगली वीतभर वर आली. खंडेनवमीच्या तोंडावर ती घरी गेली, तिची पूजा झाली, आणि दसऱ्यानंतर कामावर निघाली.

लगेचच ती माझ्या दारात उभी राहिली. समोर वाळलेल्या झेंडूचा हार, आणि आत तापलेले अप्पा.

‘‘हालायलीय की हो मिस्तरी!’’

‘‘काय हलतंय, अप्पा?’’

‘‘काय हालत न्हाय ते इचारा. स्टेरिंग हालतंय, शीट हालतंय, माझं प्वाट हालतंय. खाल्लेलं वर यायलंय.’’

‘‘पाटेवाला काय म्हणतो?’’

‘‘त्यो म्हणतोय पाटे चोख हायेत. इंजान मागच्याच म्हैन्यात तुमी बघितलंय. मग ऱ्हायलं काय? ह्याचे हात!’’ अप्पांनी मागं उभ्या असलेल्या महिबूबचाचांकडं बोट केलं. ‘‘म्हातारा झालाय. हात कापत्यात त्याचे. कुर्डुवाडीचा एक पोरगा बघून ठेवलाय मी. तुमी फकस्त येवढं सांगा, खोट गाडीत हाय का हातात. गाडीत असंल तर काढा. हातात असंल तर दिवाळीपास्नं ह्याला सुट्टी.’’

मी म्हटलं, ‘‘अप्पा, हात कापले तर स्टेअरिंग हलेल. सीट कशी हलेल?’’

‘‘पायबी कापत असंल. थरथरत्या पायानं अॅक्सिलेटर दाबला तर गाडी थरथरणारच की!’’

चाचा दोन्ही हात काखेत घालून उभे होते. अप्पा चहाला पलीकडं गेले तेव्हा मी त्यांना बाजूला घेतलं. ‘‘चाचा, तुम्हाला काय वाटतं?’’

‘‘मिस्तरी, लई वर्सं स्टेरिंग धरलंय. पन आता खरंच कळंना झालंय बघा. गाडी हालती म्हनून हात हालत्यात, का हात हालत्यात म्हनून गाडी.’’ मग खाली बघून म्हणाले, ‘‘ह्या कमरंला ट्रकवर कोन घेतंय आता?’’

मला अप्पांचा असा राग आला म्हणता! आणि रागाच्या जोडीला हुरूपही आला, तो लपवत नाही. गाडी की हात, याचा निकाल माझ्या गॅरेजात लागायचा होता.

थरथर बघायची पहिली रीत म्हणजे काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला बॉनेटवर ठेवायचा आणि इंजिन कमी-जास्त करत पाण्याकडं बघायचं. ठेवला. इंजिन चालू करायच्या आधीच पाणी नाचायला लागलं! कारण भिंतीपलीकडं यंत्रमाग. भवानी पेठेत दिवसभर मागांची खडखड चालायची, तिथं जमीनसुद्धा कधी स्वस्थ नसायची. शेजारचे मागवाले तेलुगू गृहस्थ भले होते, त्यांना घटकाभर माग थांबवायची विनंती केली. ते म्हणाले, ‘‘थांबवतो की. पण मग माझी बायको झोपेतनं उठते, काय झालं म्हणून.’’ तरी त्यांनी थांबवले. पेल्यातलं पाणी शांत झालं. मी इंजिन वाढवत नेलं. पाण्यावर साधी सुरकुती नाही. म्हणजे इंजिन निर्दोष सुटलं. गाडी चालतानाच काहीतरी होत होतं.

मग मी ती अक्कलकोट रोडवर काढली. अॅक्सिलरेटर दाबला की अंगाखालून घरघर करत थरथर यायची आणि पाय उचलला की कमी व्हायची. पुन्हा दाबला, पुन्हा आली. मी जीपमध्येच ओरडलो, ‘‘सापडली!’’ ओझं पडलं की हलणारी आणि ओझं काढलं की थांबणारी थरथर सहसा एकाच ठिकाणची असते.

जीपच्या पोटाखाली एक लांब लोखंडी दांडा असतो. तो पुढून ताकद घेतो आणि मागच्या चाकांच्या मधल्या गोळ्याला देतो. आम्ही त्याला शाफ्ट म्हणतो. त्याच्या दोन्ही टोकांना वाकणारे सांधे असतात. या सांध्यांची एक खोड आहे. सांधा वाकडा असला की दांडा सारख्या वेगानं फिरत नाही, प्रत्येक फेऱ्यात जरा पळतो आणि जरा रेंगाळतो. पुढच्या सांध्यानं केलेली ही चूक मागचा सांधा निस्तरतो, पण तो तेवढ्याच कोनात वाकलेला असला तरच. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघींसारखं आहे हे. एकीनं ओढायचं तेव्हा दुसरीनं सैल सोडायचं, तरच खुंटा एकसारखा फिरतो.

पाटेवाल्यानं शॅकल लांब केले, पाट्याचं मागचं टोक खाली गेलं, पाटा तिरका झाला आणि त्याच्यावर बसलेल्या गोळ्याचं तोंड वर बघायला लागलं. पुढचा सांधा जास्त वाकला, मागचा कमी. माझी पुतणी शाळेत होती, तिच्या कंपासपेटीतला कोनमापक मी मागून आणला, त्याच्या मधोमध दोरा बांधला, दोऱ्याला नट अडकवला, आणि जीपखाली उताणा पडून दोन्ही टोकांचे कोन मोजले. फरक डोळ्यांनी दिसण्याएवढा होता. लेथवाल्याकडून लोखंडाच्या दोन पाचरी करून घेतल्या, गोळ्याच्या आणि पाट्याच्या मधे बसवल्या, गोळ्याचं तोंड सरळ झालं. गावातून एक चक्कर मारली. जीप गप्प! चाचांना शेजारी बसवून दुसरी चक्कर मारली. तीही गप्प. चाचांनी आपले हात उलटेसुलटे करून बघितले आणि हसले. मी तर इतका हुरळलो होतो की मागवाल्यांना बोलावून चहा पाजला.

दोन-चार दिवस गेले असतील. जीप पुन्हा दारात. या वेळी अप्पा तापलेले नव्हते, खूश होते. ते जास्त वाईट होतं.

‘‘मिस्तरी, तुमी चालवता तवा गाडी गप. ह्यो चालवतोय तवा हालती. गाडी तर तुमी दुरुस्त केली. आता खोट कुटं ऱ्हायली, तुमीच सांगा!’’

माझ्याच कामानं चाचांच्या गळ्याला फास लागला होता. चाचा जीपमधून उतरलेसुद्धा नाहीत. चावी काढून त्यांनी मांडीवर ठेवली होती.

‘‘चाचा, कुठं हलते?’’

‘‘भीमेच्या पुलाच्या अल्याड सरळ रस्ता हाय न्हवं, तितं. जरा पळवली की.’’

पळवली की! अक्कलकोट रोड काय, गाव काय, मी गर्दीतच फिरलो होतो. गिरणीची पाळी सुटलेली, सायकलींचे थवे, मधे बैलगाड्या, हातगाड्या. तिथं जीप पळणार कुठं? संथ चालीतली थरथर मी काढली होती आणि पळतानाची मला भेटलीच नव्हती. म्हणजे थरथरी दोन होत्या! हे डोक्यात आल्याबरोबर मी हत्यारांची पेटी उचलून जीपमध्ये टाकली आणि म्हटलं, ‘‘चला अप्पा, मंगळवेढ्याच्या रस्त्याला. तिघंही जाऊ.’’

चाचा चालवायला, मी शेजारी, मागं अप्पा. सरळ रस्ता लागला. चाचांनी वेग वाढवला. चाळीसपर्यंत काही नाही. पुढं सरकलो तशी पायाखालची पत्रा-पट्टी गुणगुणायला लागली. मग सीट. मग स्टेअरिंग. आरशात बघितलं तर दोन अप्पा दिसत होते.

‘‘बगा! बगा!’’ मागून अप्पा ओरडले.

‘‘चाचा, अॅक्सिलरेटर सोडा!’’ सोडला. थरथर तशीच. ‘‘गिअर काढा!’’ काढला. जीप नुसती घरंगळत होती आणि तरी तशीच हलत होती. आता हिला ओझ्याचं काही देणंघेणं नव्हतं, फक्त वेगाचं होतं. मला एकदम काय सुचलं कुणास ठाऊक, मी ओरडलो, ‘‘चाचा, हात सोडा!’’

‘‘आं?’’

‘‘स्टेअरिंग सोडा! हात वर करा!’’

चाचांनी माझ्याकडं बघितलं, आणि दोन्ही हात वर केले. रस्ता रिकामा होता, सरळ होता. पाय मोकळे, हात मोकळे. आणि जीप आमच्या तिघांसकट थडथडा हलत होती!

‘‘बघा अप्पा! कुणाचे हात?’’

‘‘आरं धर! धर स्टेरिंग! मारतोस का मला!’’ अप्पा दोन्ही हातांनी माझा खांदा पकडून बसले होते.

बाभळीखाली गाडी थांबवली. मला वाटलं, झालं, निकाल लागला. पण अप्पा कुठले ऐकतात? धोतर सावरत म्हणाले, ‘‘आधी त्यानंच हालवली न्हवं? येकदा हालायला लागल्यावर हात सोडला म्हनून लगीच कशी थांबंल? मला डोळ्यानं दाखवा खोट. मग मानतो.’’

ठीक आहे म्हटलं, डोळ्यांनी दाखवतो. पुढची चाकं मागं आणि मागची पुढं घातली. पुन्हा पळवली. तीच थरथर, त्याच वेगाला. म्हणजे चाकंही निर्दोष सुटली. राहिला शाफ्ट.

आणि इथं जीपची एक खुबी कामाला आली. या गाडीला मागून ताकद जाते तशी पुढच्या चाकांनाही देता येते. मी खाली शिरून मागचा शाफ्ट सोडवायला घेतला. चाचांना सांगितलं, चाकाला दगड लावा. कारण त्या जीपचा हँडब्रेक शाफ्टला धरून ठेवतो, चाकाला नाही. शाफ्ट निघाला की हँडब्रेक नुसता शोभेचा. अप्पांना हे कुठलं माहीत! ते ऐटीत हँडब्रेक ओढून म्हणाले, ‘‘दगड कशाला? मी हाय की,’’ आणि चाचांनी आणलेला दगड पायानं लोटून ते जीपमध्ये बसले. मी शाफ्ट घेऊन बाहेर सरकलो तोच जीप अप्पांना घेऊन उताराला लागली. ‘‘थांब! थांब!’’ अप्पा जीपला म्हणत होते. चाचांनी धावत जाऊन, कंबर विसरून, दगड पुढं टाकला तेव्हा ती थांबली.

शाफ्ट उचलून मी मागं अप्पांच्या मांडीवर ठेवला. ‘‘धरा नीट. पाडू नका.’’ पुढच्या चाकांची ताकद जोडली आणि या वेळी मुद्दाम स्टेअरिंग चाचांनाच दिलं. चाचांचा चेहरा उतरला होता, पण त्यांनी जीप पळवली. चाळीस. पंचेचाळीस. त्याच्याही पुढं. आरशात एकच अप्पा! पत्रा गुणगुणत नव्हता, सीट स्वस्थ, नुसता वारा कानाला लागत होता. चाचा ‘या अल्ला’ म्हणाले आणि अजून जरा वेग वाढवला. माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. मी मागं वळलो.

‘‘अप्पा, थरथर कुठं आहे सांगू? तुमच्या मांडीवर!’’

अप्पांनी मांडीवरच्या शाफ्टकडं असं बघितलं, जणू कुणीतरी अनोळखी मूल त्यांच्या मांडीवर आणून ठेवलंय.

खाली उतरून मी शाफ्ट उन्हात धरला. त्याला नवा चंदेरी रंग दिलेला होता, आरशासारखा चकचकीत. अंगठा फिरवत गेलो. एका जागी अंगठ्याला खरखर लागली. नखानं रंग उडवला, आणि खाली चार बारीक टिंबं दिसली, जुन्या वेल्डिंगची. शाफ्ट कारखान्यात तयार होतो तेव्हा तो कधीच सगळीकडं सारखा वजनदार होत नाही. मग हलक्या बाजूला पत्र्याचा लहानसा तुकडा डागून वजन सारखं करतात. आम्ही त्याला ठिगळ म्हणतो. ते निघालं की संथ चालीत काही कळत नाही, पण शाफ्ट जोरात फिरायला लागला की जड बाजू हिसके मारते.

‘‘इथलं ठिगळ कुणी काढलं?’’

चाचांनी तोंड फिरवलं आणि ज्वारीच्या रानाकडं बघायला लागले. माझ्या मनात आलं, मेलो. चाचांनीच काढलं असणार.

‘‘ती खपली व्हय?’’ अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. ‘‘ती तर मी काढली.’’

अप्पांच्या घरची रीत अशी होती की खंडेनवमीला यंत्राला नोकरानं हात लावायचा नाही. वर्षभर त्यानं सेवा केली, त्या दिवशी मालकानं करायची. चाचांना नवे कपडे चढवून ओट्यावर खुर्चीत बसवायचं आणि अप्पांनी स्वतः धोतर खोचून जीप धुवायची, पुसायची, रंगवायची. जीप नवीनच उंच झालेली, त्यामुळं या वर्षी अप्पांचं भलं शरीर पहिल्यांदाच तिच्या खाली मावलं. वर बघितलं तर शाफ्टवर ते ठिगळ.

‘‘येवढ्या गुळगुळीत दांड्यावर खरूज उठल्यासारखं दिसत हुतं. मला बघवंना. छिन्नी लावली, कानस मारली, रंग दिला,’’ अप्पा म्हणाले. ‘‘लई झ्याक केलतं वो.’’

‘‘चाचा, तुम्ही बघत होता?’’

‘‘व्हय की. खुर्चीतच हुतो. ते काय असतंय मलाबी ठावं न्हवतं,’’ चाचा रानाकडं बघतच म्हणाले. ‘‘आन ठावं असतं तरी सेवंच्या दिवशी मालकाला आडवायचं कसं?’’

परतीच्या वाटेवर अप्पांनी शाफ्ट मांडीवरून खाली ठेवू दिला नाही.

गॅरेजात शाफ्ट पुन्हा चढवला. मागची चाकं अधांतरी राहतील अशी जीप ठोकळ्यांवर घेतली, चाचांना गिअर टाकून वेग धरायला सांगितलं, आणि मी खाली पडून फिरत्या शाफ्टजवळ खडू नेला. हे काम कुणी करू नये, मीही आता कुणाला करू देणार नाही. खडूचा जिथं ओरखडा उठतो तिथं शाफ्ट बाहेर झेप घेतोय असं समजायचं. त्याच्या समोरच्या बाजूला पाण्याच्या पायपाची क्लिप आवळली, फिरवून बघितलं, क्लिप जरा सरकवली, पुन्हा फिरवलं. थरथर कमी झाली, वाढली, पुन्हा कमी झाली. अप्पा बाहेर उकिडवे बसून वाकून बघत होते आणि दर वेळी विचारत होते, ‘‘जमलं का? आता जमलं का?’’ शेवटी एका जागी क्लिप आली आणि शाफ्ट फिरतोय की उभा आहे ते कळेना. मी खालूनच आरोळी ठोकली! त्या जागी तेवढ्याच वजनाचा तुकडा डागला.

पुन्हा तिघं पुलापर्यंत गेलो. चाचांनी जीप अशी पळवली की अप्पांच्या खांद्यावरचा रुमाल उडून गेला आणि त्यांनी थांबा म्हटलं नाही. जाताना शांत, येताना शांत. मी वेड्यासारखा हसत होतो. होम मैदानाच्या कडेला येऊन चाचांनी जीप उभी केली आणि इंजिन बंद केलं.

सगळं गप्प झालं. आणि तेव्हा मला दिसलं. बंद गाडीच्या स्टेअरिंगवर चाचांचे हात होते, आणि ते हात कापत होते. फार नाही. बोटं नुसती लवत होती, थांबवल्यानं थांबत नव्हती.

निकाल मी लावला होता, डोळ्यांनी दाखवला होता, आणि आता हे. चाचांनी हात उचलून काखेत घातले, पण उशीर झाला होता. मी मागं बघितलं. अप्पा त्या हातांकडंच बघत होते.

मला काहीतरी बोलायचं होतं. इतका वेळ गाडी पळवलीय, दमलेत, असलं काहीतरी. पण त्याआधीच अप्पा जीपमधून उतरले, वळसा घालून चाचांच्या बाजूला आले आणि उभे राहिले. चाचांनी चावी काढून पुढं केली.

‘‘ती ऱ्हाऊ द्या तितंच,’’ अप्पा म्हणाले. ‘‘सरा तिकडं. मला शिकवा.’’

‘‘काय, मालक?’’

‘‘गाडी! येवढी वर्सं बसतोय हिच्यात, आन हिला काय पायजे, काय नको, कायबी ठावं न्हाय मला. ह्या खेपंला छिन्नी लावली, फुडच्या वर्साला आनखी काय लावीन. कुर्डुवाडीच्या पोराला मी नको म्हनून सांगतो. हात माजे, नजर तुमची. सरा चाचा.’’

त्या दिवसापर्यंत मी अप्पांच्या तोंडून ‘ए महिबूब’ एवढंच ऐकलं होतं. मी खाली उतरलो आणि चाचा माझ्या जागेवर सरकले. सरकताना त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी उगीचच स्पॅनर पुसायला लागलो.

अप्पांनी धोतर खोचलं, स्टेअरिंगमागं पोट बसवलं, आणि चावी फिरवली. जीपनं एक उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा चावी, पुन्हा उडी. मग ती निघाली. होम मैदानावर धूळ उडवत, गचके खात, मान टाकत, सगळे पत्रे वाजवत. गाडी भयंकर हलत होती, आणि तिच्यात कसलीही खोट नव्हती.

मालकासमोर ज्या माणसाचा आवाज कधी निघाला नव्हता, त्याची आरोळी मैदानाच्या या टोकापर्यंत येत होती, ‘‘क्लच दाबा! अवो क्लच! पाय हाय का खांब!’’

आणि त्याच्यावर अप्पांचा आवाज, ‘‘व्हय चाचा, दाबला! दाबला की!’’